दक्षिणा, देणगी आणि जमाखर्च

व्याख्यान संपते, आभाराचे चार शब्द होतात, मंडळी आपापल्या चपला शोधू लागतात, आणि त्याच वेळी दाराशी टेबल मांडून बसलेला चिटणीस देणगीच्या पावत्या फाडीत असतो. वसंत व्याख्यानमालांतून लढायांवर, संतांवर, तहांवर आणि कारस्थानांवर आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. त्या दाराजवळच्या टेबलालाही एक इतिहास आहे, हे मात्र आपण सहसा ध्यानात घेत नाही. लोकांचा पैसा घेऊन लोकांचे काम करावयाचे, तो पैसा कोणी कशासाठी दिला याची आठवण ठेवावयाची आणि शेवटी त्याचा हिशेब द्यावयाचा, ही विद्या काही आपोआप आलेली नाही. आपल्या प्रांतात ती दोन-अडीचशे वर्षांत ठेचा खात आलेली आहे. आज त्या विद्येची कहाणी सांगावयाचा आमचा विचार आहे.

हा विषय आम्हांला कोठून सुचला ते आधी सांगणे बरे. पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका लहान गावच्या वाचनालयाचे चिटणीस होतो. गावातील एका वृद्ध काकूंनी आपल्या दिवंगत मुलाच्या नावे बालविभागासाठी पाच हजार रुपये दिले. मुलांची पुस्तके घ्यावीत, प्रत्येक पुस्तकावर त्याचे नाव घालावे, एवढीच त्यांची इच्छा. पैसे आले ते उन्हाळ्यात. पुढे पाऊस असा लागला की कौले सरकली आणि जुन्या ग्रंथांच्या कपाटावर पाणी गळू लागले. कार्यकारी मंडळाची बैठक बोलाविली. शिल्लक म्हणून जे काही होते ते त्या पाच हजारांचेच. आधी छप्पर, मग पुस्तके, असा ठराव आम्हीच मांडला व तो एकमताने मंजूर झाला. ग्रंथ वाचले, आणि आपण मोठी समयसूचकता दाखविली असे आम्हांला वाटले. दिवाळीनंतर काकू आल्या. बालविभागाच्या कपाटापुढे उभ्या राहून त्यांनी विचारले, ‘‘यातली माझ्या मुलाची पुस्तकं कुठली?’’ आम्ही छप्पर दाखविले. त्या क्षणभर वर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘छप्पर हवंच होतं, नाही कोण म्हणतंय? पण मला विचारलं का नाहीत? माझं घर दोन आळ्या सोडून तर आहे.’’

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्यानंतर जुन्या संस्थांचे इतिहास वाचताना आम्ही हाच प्रश्न मनाशी धरून वाचू लागलो. पैसा दिला कोणी, दिला कशासाठी, तो वळविला असेल तर विचारून वळविला की न विचारता? या एका प्रश्नाने पुष्कळ गोष्टी उलगडतात.

आरंभ अर्थातच दक्षिणेपासून केला पाहिजे. श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे यांनी पाडली. दाभाड्यांचा पाडाव झाल्यावर पहिल्या बाजीरावाने ती पुण्यास चालविली आणि पुढे पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात हा समारंभ होऊ लागला. दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण येत. जे खरोखर शास्त्रे पढलेले असत त्यांची परीक्षा होऊन त्यांना मानाची दक्षिणा मिळे, आणि बाकीच्या समुदायाला सरसकट थोडथोडे द्रव्य वाटले जाई. मूळ हेतू विद्येला उत्तेजन देण्याचा होता. परंतु जसजसा समुदाय वाढला तसतसा विद्येचा भाग लहान आणि दानधर्माचा भाग मोठा होत गेला.

पेशवाईत जमाखर्च ठेवला जात नव्हता असे मात्र कोणी समजू नये. पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल आजही याची साक्ष देतात. सरकारी खजिन्यातून काय बाहेर गेले ते काटेकोरपणे लिहिलेले आहे. मात्र बाहेर गेलेल्या पैशाने पुढे काय केले, हे कोणी लिहिले नाही, कारण ते कोणी विचारलेच नाही. दान दिले की देणाऱ्याचे पुण्य पुरे होई आणि घेणाऱ्यावर आशीर्वादापलीकडे काही बंधन राहत नसे. आम्ही याला दोष देत नाही. दानाची ती कल्पनाच तशी होती. दान आणि अनुदान यांत जो फरक आहे तो नेमका येथे आहे. दान दिल्यावर संपते. अनुदानाचे तसे नाही. ते ज्या कामासाठी दिले त्या कामापर्यंत पोचल्यावाचून पुरे होत नाही.

१८१८ साली पेशवाई गेली. नव्या राज्यकर्त्यांपुढे जे अवघड प्रश्न होते त्यांत दक्षिणा हा एक होता. ती एकदम बंद केली तर वजनदार वर्ग दुखावणार, आणि चालू ठेवावी तर त्या खर्चाचा उपयोग काय ते सांगता येईना. एल्फिन्स्टनसाहेब धोरणी. त्यांनी दक्षिणा बंद केली नाही. ती सालिना पन्नास हजारांवर आणली, आणि त्याच निधीच्या आधाराने १८२१ साली पुण्यास विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे दक्षिणेच्या यादीत नवी नावे घालणे थांबले. जुने मानकरी जसे निवर्तत तशी रक्कम मोकळी होत जाई. या मोकळ्या झालेल्या पैशाचे करावयाचे काय, हा प्रश्न मग उभा राहिला.

१८४९ साली पुण्यातील काही तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला. त्यांचे पुढारी होते गोपाळ हरी देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी. दक्षिणेचा काही भाग मराठीतून उपयुक्त ग्रंथ लिहिणारांना द्यावा आणि त्यात जातीचा प्रतिबंध नसावा, असे त्यांचे मागणे होते. शहरात मोठा गहजब झाला. परंपरेने आलेला आपला हक्क हिरावला जात आहे असे जुन्या मंडळींना वाटले, आणि अर्जदारांना त्रास होईल की काय अशी स्थिती आली. त्या वेळी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन या सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. अखेर १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. मुलींसाठी पुण्यात निघालेल्या शाळांनाही या निधीतून काही मासिक साहाय्य मिळाले. पुढे महाविद्यालयातील हुशार विद्यार्थ्यांसाठी ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे हे असे फेलो होते आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हेही होते. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांच्या विद्यार्थिदशेत रमण्यावरच्या त्या जुन्या पैशाचा वाटा होता, ही गोष्ट या सभागृहात बसणारांनी विसरू नये.

या प्रकरणातून आम्हांला जे दिसते ते असे. निधीचा हेतू बदलता येतो. काळ बदलला, गरज बदलली, की तो बदलावाही लागतो. पण लोकहितवादींनी व त्यांच्या मित्रांनी कोणाच्या नकळत पैसा वळविला नाही. त्यांनी अर्ज लिहिला, त्यावर सह्या केल्या, विरोध अंगावर घेतला आणि उघड निर्णय करवून घेतला. काकूंचा प्रश्न त्यांना कोणी घातला असता तर ‘आम्ही विचारले होते,’ असे ते सांगू शकले असते.

यानंतरचा टप्पा १८५४ सालचा. कंपनीच्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष सर चार्ल्स वुड यांच्या नावाने जो शिक्षणविषयक खलिता प्रसिद्ध आहे, त्याने अनुदानाची रीतसर पद्धत या देशात आणली. सर्व शाळा सरकारने चालविणे शक्य नव्हते. तेव्हा लोकांनी शाळा काढाव्यात आणि सरकारने त्यांना साहाय्य करावे, अशी ही योजना होती. पण साहाय्याला अटी होत्या. शाळेचे व्यवस्थापन जबाबदार स्थानिक मंडळींच्या हाती असावे, सरकारी तपासणीला शाळा खुली असावी आणि विद्यार्थ्यांकडून थोडी का होईना पण फी घ्यावी. साहाय्यही मोघम न देता एकेका विशिष्ट कामासाठी द्यावयाचे होते. मास्तरांच्या पगारात भर, विद्यार्थ्यांना वेतने, पुस्तके, इमारत, अशी त्याची खाती. आज कोणत्याही संस्थेच्या अनुदानाच्या कागदावर जे रकाने असतात त्यांची वंशावळ शोधीत गेल्यास आपण या खलित्यापाशी येऊन पोचतो.

‘फुकटचे नको, थोडे तुम्ही घाला, थोडे आम्ही घालतो,’ हे तत्त्व आम्हांला आजही शहाणपणाचे वाटते. गावाने आपली पै घातली म्हणजे गावाचे लक्ष राहते. पण अट ही मोठी विलक्षण वस्तू आहे. ती कामाला शिस्त लावते आणि प्रसंगी कामाचा आकारही बिघडवते. मुंबई इलाख्यात पुढे परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत रूढ झाली. इन्स्पेक्टर यावयाचे, मुलांची परीक्षा घ्यावयाचे, आणि किती मुले कोणत्या विषयात उतरली यावर शाळेची रक्कम ठरावयाची. वरवर पाहता यासारखा चोख व्यवहार नाही. पण यात काय होते ते शाळा पाहिलेल्या माणसाला सांगावयास नको. ज्या विषयावर पैसा मिळतो तोच शिकविला जातो. जे मूल उतरण्याजोगे असते त्याच्यावरच मास्तरांचे लक्ष जाते, आणि मागे पडलेल्याला कोणी वाली राहत नाही. इंग्लंडातही ही पद्धत १८६२ पासून चालली आणि तेथेही तिच्यावर हीच टीका झाली. १८८२ साली हंटरसाहेबांच्या कमिशनपुढे या प्रांतातील अनुदानपद्धतीचा ऊहापोह झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी निकालावर पैसे देण्याची ही रीत मागे पडली.

तेव्हा दक्षिणेत दोष होता तो प्रश्न न विचारण्याचा, आणि निकालाच्या अनुदानात दोष होता तो चुकीचा प्रश्न विचारण्याचा. मोजता येते तेवढेच मोजले, तर जे मोजता येत नाही ते हळूहळू कामातून नाहीसे होते. आजच्या संस्थाचालकांनी, आणि त्यांच्याहून अधिक आजच्या दात्यांनी, ही गोष्ट गाठीला बांधून ठेवावी.

आता एका माणसाकडे वळू. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम स्थापन केला आणि १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्यास नेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवावयाचे आणि उरलेल्या वेळात आश्रमाचे काम करावयाचे, असा त्यांचा क्रम. सरकारचे किंवा राजेरजवाड्यांचे पाठबळ आरंभी नव्हतेच. विधवांच्या शिक्षणासाठी पैसा देणे म्हणजे समाजाचा रोष पत्करणे, असे ते दिवस होते. त्यामुळे जो पैसा आला तो लहान लहान माणसांकडून, थोडथोडा आला. हिंगण्याच्या संस्थेचा भाऊबीज निधी महाराष्ट्रातील घराघरात माहीत झाला तो यातूनच. बहिणीला ओवाळणी घालावी तशी चार पैशांची ओवाळणी संस्थेला घालावयाची. अशा पैशाचा एक विशेष असा की त्याला अटी नसतात. त्याला साक्षीदार मात्र हजारो असतात. ज्याने चार आणे दिले तोही वर्षअखेरीचा अहवाल वाचतो, किंवा निदान वाचण्याचा हक्क आपल्याला आहे असे मानतो.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. ओवाळणीच्या पैशावर आश्रम चालतो, विद्यापीठ चालत नाही. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली. त्या काळी हा आकडा ऐकून लोक थक्क झाले असल्यास नवल नाही. देणगीबरोबर विद्यापीठाला सर विठ्ठलदासांच्या मातोश्रींचे, म्हणजे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे, नाव आले. पुढे १९३६ साली विद्यापीठाचे केंद्रही पुण्याहून मुंबईस गेले. हिंगण्याच्या माळरानावर ज्यांनी दगड वाहिले त्यांच्यापैकी काहींना हा बदल जड गेला असेल. कर्व्यांनी मात्र नाव आणि गाव या दोन्ही गोष्टींना कामापेक्षा मोठे मानले नाही. स्त्रियांना आपल्या भाषेतून उच्च शिक्षण मिळावे, हा गाभा त्यांनी राखला. आणि एवढी मोठी देणगी पदरी आल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, संस्थेसाठी देणग्या मिळवीत ते परदेशच्या प्रवासाला निघाले. एका दात्याच्या पैशावर संस्था उभी राहू शकते; पण एकाच दात्यावर ती टेकली तर तिचा तोल त्याच्या हाती जातो, हे ते जाणून होते असे आम्हांला वाटते.

परंतु दुसऱ्याच्या पैशाने मोठे काम कसे तडीस न्यावे याचा उत्तम दाखला पाहावयाचा असेल तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे जावे. दक्षिणा फेलो म्हणून ज्यांचे नाव वर आले त्या सर रामकृष्णपंतांच्या सन्मानार्थ ६ जुलै १९१७ रोजी ही संस्था पुण्यास स्थापन झाली. पुढच्याच वर्षी सरकारने डेक्कन कॉलेजातील हस्तलिखितांचा मोलाचा संग्रह संस्थेच्या हवाली केला. त्या संग्रहाच्या जतनासाठी सालिना तीन हजार रुपये, आणि सरकारची संस्कृत ग्रंथमाला चालविण्यासाठी सालिना बारा हजार रुपये, अशी अनुदाने मिळाली. टाटा बंधूंच्या साहाय्याने इमारत उभी राहिली. खाती वेगळी, दाते वेगळे. प्रत्येक पैशावर त्याच्या कामाचे नाव लिहिलेले होते.

१९१८ साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी संस्थेला महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याची सूचना केली आणि त्यासाठी एक लक्ष रुपये देण्याचे वचन दिले. औंध हे लहानसे संस्थान. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. महाभारत सचित्र निघावे अशी त्यांची हौस होती. आता अडचण पाहा. पंडितांना हवी होती शुद्ध संहिता. काश्मीरच्या शारदा लिपीपासून मलबारच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या पोथ्या जमवून, अक्षर अन् अक्षर ताडून, मूळच्या जवळात जवळ जाणारा पाठ त्यांना ठरवावयाचा होता. दात्याला हवी होती चित्रे. एखाद्या संस्थेने चित्रे शास्त्रात बसत नाहीत म्हणून देणगी नाकारली असती. दुसरीने चित्रांचा सुबक ग्रंथ काढून पंडितांना घरी बसविले असते. तिसरीने होकार देऊन, पैसे घेऊन, चित्रांचे नावही पुन्हा काढले नसते. या संस्थेने तिन्ही केले नाही. आवृत्तीच्या मुखपृष्ठावर संपादकाचे नाव आहे, आणि प्राचीन नमुन्यांवरून चित्रे काढणारे म्हणून बाळासाहेबांचेही नाव आहे. दात्याच्या हौसेला तिची जागा दिली आणि शास्त्राची जागा शास्त्राला ठेवली.

१ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. एवढे मोठे काम कसे होईल हे कोणालाच ठाऊक नव्हते. असे काम पूर्वी कोणी केलेच नव्हते. तेव्हा संस्थेने आधी एक नमुना काढला. ना. बा. उतगीकर यांनी संपादिलेली विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ती १९२३ साली छापून विद्वानांकडे अभिप्रायार्थ पाठविली. यात संस्थेची नम्रता होती आणि हिशेबीपणाही होता. सर्व पैसा एका मार्गावर घालण्यापूर्वी मार्ग तपासून पाहिला. ऑगस्ट १९२५ मध्ये डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. त्यांनी हाती असलेल्या सामग्रीची पुन्हा तपासणी केली आणि पाठभेद टिपण्याची पद्धत घट्ट बसविली. कागदावर चौकटी आखावयाच्या, एकेका चौकटीत श्लोकाचे एकेक अक्षर लिहावयाचे, आणि त्याखाली एकेका पोथीतला निराळा पाठ तेवढा नोंदवावयाचा. पुण्याबाहेर तंजावर आणि शांतिनिकेतन येथेही हे काम चाले. किराणा दुकानदाराची कीर्द-खतावणी जशी असते तशीच ही अक्षरांची खतावणी होती. एखादा पाठ का स्वीकारला असे उद्या कोणी विचारील तर त्याचा दाखला कागदावर हजर असला पाहिजे.

काम संथ चालले. एक लक्षाचा आकडा प्रथम ऐकताना मोठा वाटला असेल. पण शेकडो पोथ्या, पंडितांचे पगार, छपाई, यांपुढे तो अपुरा ठरणार हे उघड होते. अशा वेळी संस्थेने काय करावे? काम उरकून टाकावे, की दात्यांना धीर धरावयास सांगावे? दुसरी वाट धरावयाची तर दात्यांना हाती काही दिसले पाहिजे. आदिपर्व एकदम बाहेर न काढता १९२७ पासून ते खंडशः प्रसिद्ध होऊ लागले आणि १९३३ साली पुरे झाले. दर खंड म्हणजे एक प्रकारे छापलेला हिशेबच होता: एवढा पैसा आला, त्याचे एवढे काम झाले, ते कसे झाले ते तुम्हीच पाहा. हे पाहूनच नवे दाते जवळ आले असले पाहिजेत. मुखपृष्ठावरील आश्रयदात्यांची यादी वाचली तर मौज वाटते. औंध आहे, हिंदुस्थान सरकार आहे. मुंबई, मद्रास आणि ब्रह्मदेश यांची सरकारे आहेत. हैदराबाद, बडोदे, म्हैसूर, फलटण ही संस्थाने आहेत. मुंबई विद्यापीठ आहे आणि लंडनची ब्रिटिश अकॅडमीही आहे. मुसलमान निजामाने, बौद्ध बहुसंख्येच्या ब्रह्मदेशाने आणि इंग्रज विद्वानांच्या सभेने महाभारताला हात लावला आहे.

ही यादी दुसऱ्याही एका दृष्टीने वाचण्यासारखी आहे. १९३७ साली ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला. १९४७ साली राज्य बदलले. १९४८ साली औंध आणि फलटण विलीन झाली आणि हैदराबादचे संस्थानी राज्यही संपले. म्हणजे ज्यांनी पैसे दिले त्यांतील कितीतरी दाते दातेपणाने उरलेच नाहीत. आणि काम? ते अर्ध्यावर होते. संस्थेचा भार एकाच खांबावर असता तर महाभारत तेथेच थांबले असते. खांब अनेक होते म्हणून छप्पर टिकले, आणि पुढे स्वतंत्र भारताच्या सरकारांनी साहाय्य केले.

माणसेही गेली. भांडारकर १९२५ साली गेले. सुखटणकर २१ जानेवारी १९४३ रोजी निवर्तले. त्यांच्यामागून डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि १९६१ पासून डॉ. प. ल. वैद्य यांनी प्रमुख संपादकपद सांभाळले. एकेक पर्व वेगवेगळ्या विद्वानांनी केले. सभापर्व तर अमेरिकेतील एजर्टन यांनी संपादिले. हे कसे शक्य झाले? चौकटींचे कागद होते म्हणून. काम एका माणसाच्या डोक्यात नव्हते; ते नोंदीत होते. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते आवृत्तीच्या पूर्ततेचा समारंभ झाला, तेव्हा १९१९ च्या आरंभाला सत्तेचाळीस वर्षे लोटली होती. एकूण १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. एकोणीस खंड झाले. वचन देणारे बाळासाहेब हा दिवस पाहावयास नव्हते. ते १९५१ साली वारले. पण त्यांचा पैसा कोठे गेला असे आज कोणी विचारले तर उत्तर फळीवर उभे आहे.

आज काळ आणखी पुढे गेला आहे. १९५० च्या कायद्याने आपल्याकडील सार्वजनिक न्यासांना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आणि हिशेबतपासणी बंधनकारक झाली. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरील कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला घालण्यास सांगितले, आणि त्या पैशाच्या शोधात लहानमोठ्या संस्था अर्ज लिहू लागल्या. उपयोगिता प्रमाणपत्र, प्रगतीचा अहवाल, खर्चाचे रकाने, यांनी चिटणिसाचे टेबल भरून गेले आहे. पुष्कळ कार्यकर्ते कुरकुरतात की काम करावयाचे की कागद भरावयाचे? त्यांच्या कुरकुरीत तथ्य आहे; निकालावरच्या अनुदानाची गोष्ट आम्ही सांगितलीच आहे. पण कागद हा कामाचा शत्रू आहे असे समजणाऱ्याने सुखटणकरांच्या चौकटी आठवाव्यात. दात्यासाठी म्हणून भरलेला कागद ओझे होतो. आपल्या कामासाठी ठेवलेली नोंद दात्यालाही पुरते. ज्या संस्थेत रोजची कीर्द रोज लिहिली जाते तिला मार्चअखेर रात्री जागवाव्या लागत नाहीत.

दात्यांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. इमारतीवर नाव लागते म्हणून इमारतीला पैसे मिळतात. तिच्यातला दिवा, झाडूवाला आणि कारकून यांना मात्र कोणी दाता भेटत नाही. आमच्या वाचनालयाचे छप्पर गळत होते ते यामुळेच. पुस्तके देणारे होते, कपाटे देणारे होते. कौलांसाठी मात्र कोणीच पैसे ठेवले नव्हते. पुस्तक देणाऱ्याने पुस्तकावरच्या छपराचाही थोडा विचार करावा, एवढेच आमचे मागणे आहे.

त्या छपराच्या गोष्टीचा शेवट सांगून पुरे करतो. काकू गेल्यावर आम्ही पुन्हा बैठक बोलाविली आणि झालेली चूक इतिवृत्तात लिहिली. छप्पर हे सर्वांचे, तेव्हा त्याचा खर्च सर्वांनी सोसावा असे ठरवून गावात वर्गणी काढली. दोन वर्षे लागली, पण पाच हजार पुरे झाले. ते वेगळ्या खात्यात ठेवले आणि पुस्तकांची यादी घेऊन आम्ही काकूंच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली, तीन नावे खोडली, दोन नवी सुचविली. म्हणाल्या, ‘‘त्याला प्राण्यांच्या गोष्टी आवडायच्या. त्या जास्त घ्या.’’ हे आम्हांला आधी कसे कळणार होते? आम्ही विचारले नव्हते.

त्या पुस्तकांतली बरीचशी आज फाटली आहेत. ती मुलांच्या हातांनी फाटली आहेत. जमाखर्चात ती खर्ची पडली; पण आमच्या मते हा खर्च बरोबर खात्यात पडला.